बोट तळ्याच्या मधोमध बंद पडते? नवा स्पीड कंट्रोलर घ्यायच्या आधी हे बघा

रिमोटवर चालणारी मॉडेल बोट काठावरून सोडली की झकास पळते. तीन-चार मिनिटं जातात, बोट मधोमध पोचते आणि गप्प होते. रिमोट हलवा, शिव्या द्या, ती ढिम्म. वारा असला तर कधीतरी पलीकडच्या काठाला लागते, नसला तर उन्हात बसून राहायचं. हा एकच बिघाड माझ्याकडे इतक्यांदा आलाय की आता बोट उघडण्याआधी मी दोनच प्रश्न विचारतो. मोटर थांबली तेव्हा सुकाणू हलत होतं का? आणि परत चालू व्हायला किती वेळ लागला?

आधी लक्षणं, कारण त्यातच निम्मं उत्तर असतं.

मोटर थांबते, सुकाणू हलतं, थ्रॉटल, म्हणजे रिमोटवरचा वेगाचा दांडा, शून्यावर आणून पुन्हा दिला की थोडी चालते, पुन्हा थांबते. स्पीड कंट्रोलरला, म्हणजे बॅटरीची वीज मोटरला मोजून देणाऱ्या डबीला, बॅटरीचा व्होल्टेज कमी दिसतोय. बॅटरी खरंच उतरली असेल, किंवा सेटिंग चुकलं असेल, किंवा मध्ये कुठेतरी व्होल्टेज गळत असेल.

मोटर थांबते, सुकाणू हलतं, पण पाच-दहा मिनिटं काहीच होत नाही. नंतर जणू काही झालंच नाही अशी चालते. कंट्रोलर तापलाय.

मोटर आणि सुकाणू दोन्ही एकदम मरतात आणि आपोआप जिवंत होतात. रिसीव्हरला, म्हणजे रिमोटचा सिग्नल पकडणाऱ्या भागाला, वीज किंवा सिग्नल मिळत नाही. आपोआप जिवंत झालीच नाही, तर बॅटरीचा कनेक्टर निसटलाय किंवा फ्यूज गेलाय.

सुरुवातीलाच मोटर थरथरते, कुरकुरते, फिरत नाही. मोटर ब्रशलेस (आत कार्बनचे ब्रश नसलेली, तीन वायरींची) असेल तर तीन वायरींपैकी एक सैल आहे. तिन्ही काढून घट्ट बसवा. बहुतेक वेळा काम तिथेच संपतं.

पहिल्या तिन्हींत लोक एकच गोष्ट करतात, नवा कंट्रोलर मागवतात. दोन आठवड्यांनी तोही 'खराब' निघतो.

मी पोटापाण्यासाठी यंत्रमागांचं जॉबरकाम, म्हणजे मागांची जुळवणी-दुरुस्ती, करतो. कांडीतला बाणा, म्हणजे आडवा धागा, संपला किंवा तुटला की माग आपणहून थांबतो. त्यासाठीच त्यात सोय केलेली असते. थांबला म्हणून कुणी माग बदलत नाही, बाणा बघतो. स्पीड कंट्रोलरचंही तेच. बऱ्याचदा तो बिघडलेला नसतो, तो स्वतःला किंवा बॅटरीला वाचवायला थांबलेला असतो.

हाताने फिरवून बघा

बॅटरी काढा. हे आधी. सुटी बॅटरी बाजूला ठेवल्याशिवाय प्रोपेलरला हाताचं बोट लावायचं नाही. टेबलावर चुकून थ्रॉटल लागला तर पितळी प्रोपेलर हाताचं बोट सोलून काढतो.

आता प्रोपेलर दोन बोटांनी फिरवा. मोटरच्या चुंबकाचे हलके टक्के जाणवतील तेवढेच, बाकी तो मोकळा फिरला पाहिजे. जड लागला, घासला, एका जागी अडला, तर तुमचा बिघाड तिथे आहे. मोटरला जितका जोर लावावा लागतो तितकी ती वीज ओढते आणि ती सगळी वीज कंट्रोलरमधून जाते.

गेल्या वर्षी ओळखीचे एक अण्णा लाकडी टगबोट घेऊन आले. दोन-अडीच फुटांची, स्वतः बनवलेली, फळ्या इतक्या नीट जोडलेल्या की सांधा दिसत नव्हता. तिसरा कंट्रोलर बसवला होता, तोही तापून बंद पडत होता. प्रोपेलर फिरवला तर मोकळा वाटला, पण टोकाला किंचित चिकटत होता. प्रोपेलर काढला. मागे, शाफ्ट, म्हणजे प्रोपेलरचा दांडा, नळीतून बाहेर येतो तिथे सुताची एक बारीक कडी बसली होती. इतकी आवळलेली आणि तापून इतकी चकाकणारी की मला आधी ती नायलॉनची वॉशर वाटली. ब्लेडने कापून काढली तेव्हा धागे सुटले.

"अण्णा, सूत कुठनं आलं?"

"घरात माग हायत ओ. सूत कुठं नसतंय?"

सोलापुरात हे मी फार वेळा पाहिलंय. बोट ठेवतो त्याच खोलीत चादरीच्या दशा, सुताचा कचरा. तळ्यात संक्रांतीनंतर मांजा. कंबर तलावासारख्या ठिकाणी जलपर्णीची मुळं. म्हणून प्रोपेलर नुसता फिरवून भागत नाही, तो काढून मागे बघा. शाफ्टच्या नळीतलं ग्रीस वाळलं असेल तर शाफ्ट ओढून काढा, पुसा, नवं ग्रीस भरा. मोटर आणि शाफ्ट एका रेषेत आहेत का तेही आत्ताच बघून घ्या. कपलिंग, म्हणजे त्या दोघांमधला जोड, फिरताना डुलत असेल तर मोटरखाली पत्र्याची पातळ पट्टी सरकवून उंची जुळवा. या सगळ्याचा खर्च शून्य, आणि अण्णांचे तिन्ही कंट्रोलर यातच गेले होते.

बॅटरी कोणती आणि कंट्रोलरला काय वाटतंय

कंट्रोलरला बॅटरी दिसत नाही, फक्त व्होल्टेज दिसतो. लायपोचा, म्हणजे लिथियम-पॉलिमर बॅटरीचा, एक सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट असतो आणि जोरात चालताना ३ ते ३.३च्या खाली गेला तर त्याला इजा होते. म्हणून लायपो सेटिंगवर कंट्रोलर साधारण त्या आकड्याला मोटर तोडतो. दोन सेलची बॅटरी असेल तर सहा-साडेसहा व्होल्टला.

आता यात सहा सेलची निकेल बॅटरी लावा, ७.२ व्होल्टची. जोर पडला की ती सहज साडेसहाला येते. बॅटरीत दम आहे, पण कंट्रोलर म्हणतो संपली. सहा व्होल्टची लेड-ॲसिड लावली तर विचारूच नका, निघतानाच थांबते. उपाय म्हणजे सेटिंग बदलणं. काही कंट्रोलरना छोटा जंपर (काढता-घालता येणारी पिनांची टोपी) असतो, काहींना रिमोटवरून बीप मोजत बदलावं लागतं. उलटी चूकही होते आणि ती महाग पडते. लायपो लावून सेटिंग निकेलवर ठेवलं तर बोट छान चालते, चालतच राहते, आणि बॅटरी मरते.

वीज जोडताना कंट्रोलर जितके बीप देतो ते बरेचदा सेलची संख्या सांगतात. दोन सेल लावून तीन बीप आले तर गडबड आहे.

सेटिंग बरोबर असेल तर बॅटरी तपासा, पण जोर पडलेला असताना. जुनी लायपो नुसती मोजली की ७.८ दाखवते आणि मोटर चालू केली की सहावर येते. घरी पाण्याच्या टबात बोट दोरीने बांधून, मल्टिमीटर बॅटरीच्या टोकांना लावून थ्रॉटल द्या. आकडा कोसळला तर दोष बॅटरीचा. बॅटरीच्या टोकांना आकडा ठीक असेल आणि कंट्रोलरच्या टोकांना कमी, तर दोष मधल्या कनेक्टरचा.

कनेक्टर

बोट दोन मिनिटं चालवून काढा आणि कनेक्टरला हात लावा. कोमट चालेल. चटका बसला तर तो कनेक्टर वीज खातोय. जोडात ०.०२ ओहमचा अडथळा असला आणि २० ॲम्पियर वाहत असले, तर तिथे ८ वॉट उष्णता होते आणि ०.४ व्होल्ट गळतो. तो ०.४ व्होल्टच कंट्रोलरला 'बॅटरी संपली' असं वाटायला पुरतो.

खेळण्यातल्या गाड्यांबरोबर येणारा पांढरा कनेक्टर छोट्या बोटीला ठीक आहे. दहा-पंधरा ॲम्पियरच्या वर मी तो कापून टाकतो आणि पिवळा एक्सटी ६० लावतो. प्लास्टिक तपकिरी झालं असेल तर कुठल्याच बोटीवर ठेवू नका. सोल्डर करता येत नसेल तर मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून करून घ्या, पण आधी त्याला जाड वायर दाखवा. मोबाइलच्या बारीक टोकाच्या सोल्डरिंगच्या इस्त्रीने जाड वायर तापत नाही. वरून चमकदार, आतून कोरडा असा डाग बसतो, आणि आपला बिघाड परत येतो.

वायर लांबवायची असेल तर कंट्रोलरपासून मोटरकडची लांबवा, बॅटरीकडची नाही. ब्रशलेस कंट्रोलरमध्ये बॅटरीची वायर लांब झाली की व्होल्टेजचे झटके वाढतात आणि आतले कॅपॅसिटर फुगतात.

थंडावा

पंखा असलेले कंट्रोलर मुळात गाडीसाठी बनतात. गाडीत समोरून वारा लागतो. बोटीत आपण झाकण लावून, कडेनं टेप मारून बंद करतो. आतला पंखा तीच गरम हवा फिरवत बसतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ला जातो आणि वर काळ्या रंगाचं झाकण असतं. मी एकदा हिप्परगा तलावावर दुपारी तीनला झाकण उघडलं तर आत हात धरवत नव्हता, आणि मोटर अजून चालूही केली नव्हती.

बोटीचा कंट्रोलर पाण्याने थंड होतो. प्रोपेलरच्या मागे छोटी नळी असते, ती पाणी घेते, सिलिकॉनच्या ट्यूबमधून कंट्रोलरच्या धातूच्या आवरणात जाते आणि कडेच्या भोकातून बाहेर पडते. बोट चालू असताना त्या भोकातून धार दिसली पाहिजे. दिसत नसेल तर ट्यूब काढून फुंकर मारा. गाळ निघेल, शेवाळ निघेल, कधी ट्यूब वळणावर पिचकलेली निघेल. ज्यांनी पाण्याचा कंट्रोलर घेऊन ट्यूब जोडलीच नाही असेही मला भेटलेत. बोअरच्या पाण्यात चालवत असाल तर दोन-तीन महिन्यांनी पातळ व्हिनेगर ट्यूबमधून फिरवा, पांढरा थर सुटतो. नंतर साधं पाणी.

सुकाणूही मरत असेल तर

वेगळी वाट. रिसीव्हर आणि सर्वोला (सुकाणू हलवणाऱ्या छोट्या मोटरला) पाच व्होल्ट पुरवणारा भाग, ज्याला बीईसी म्हणतात, बहुतेक कंट्रोलरच्या आतच असतो. स्वस्तातला बीईसी उरलेला व्होल्टेज उष्णता करून जाळतो. १२ व्होल्टची बॅटरी, ५ व्होल्टचा पुरवठा, सर्वो १ ॲम्पियर ओढतोय. ७ व्होल्ट गुणिले १ ॲम्पियर, म्हणजे ७ वॉट. पंचवीस वॉटच्या सोल्डरिंगच्या इस्त्रीच्या पाव हिस्स्याहून जास्त, तोही नखाएवढ्या चिपमध्ये. ती चिप बंद झाली की रिसीव्हर मेला, म्हणजे सगळंच मेलं.

खात्री करायला स्वस्त युक्ती अशी. कंट्रोलरच्या तीन वायरींच्या प्लगमधली मधली लाल वायर पिनसकट बाहेर काढा, टेप लावा, आणि रिसीव्हरला चार पेन्सिल सेलचा वेगळा डबा द्या. बिघाड गेला तर बीईसीच दोषी. मग बाहेरचा स्विचिंग बीईसी (उरलेला व्होल्टेज असा जाळत न बसणारा) लावा आणि विसरून जा. दोन मोटर आणि दोन कंट्रोलर असतील तर एकाची लाल वायर काढूनच ठेवायची.

ॲन्टेनाही बघून घ्या. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यातून जात नाहीत. बोटीच्या तळाशी, पाण्याच्या रेषेखाली वेटोळं करून ठेवलेली ॲन्टेना काठावर चालते आणि लांब गेली की तुटते. ती वर, झाकणाजवळ उभी करा.

ब्रशच्या मोटरवर १०४ आकडा छापलेले तीन सिरॅमिक कॅपॅसिटर आहेत का तेही पहा. एक दोन टोकांच्या मध्ये, बाकी दोन प्रत्येक टोकापासून मोटरच्या पत्र्याला. ठिणग्यांचा गोंगाट ते गिळतात. काही रुपयांचं काम आहे.

ॲम्पियर मोजा, मगच खरेदी

इथपर्यंत सगळं ठीक निघालं आणि कंट्रोलर तरी तापतोय, तर आता तो खरंच लहान पडतोय. किंवा प्रोपेलर मोठा आहे. लोक वेग वाढवायला ३० मिमीच्या जागी ३५चा लावतात आणि पाच मिमीने काय होतंय म्हणतात. फेरे तेवढेच राहिले तर लागणारी ताकद व्यासाच्या पाचव्या घाताने वाढते. हिशेब करा, दुपटीहून जास्त. मोटर थोडी मंदावते म्हणून प्रत्यक्षात तेवढी वाढत नाही, पण कंट्रोलर उकडायला पुरते. जुना प्रोपेलर परत लावून पाहणं ही सगळ्यात स्वस्त दुरुस्ती आहे.

मोजायला बॅटरी आणि कंट्रोलरच्या मध्ये वॉटमीटर लावा. इलेक्ट्रिशियनकडचा क्लँप मीटर बहुतेक फक्त एसी, म्हणजे घरातली वीज, मोजतो, बॅटरीच्या वायरला लावला की शून्य दाखवतो आणि आपण बुचकळ्यात पडतो. डीसीचा क्लँप असेल तर उत्तम. साध्या मल्टिमीटरचं १० ॲम्पियरचं भोक वापरू नका, फ्यूज उडेल नाहीतर मीटर जळेल. बोट टबात बांधून दहा सेकंद पूर्ण थ्रॉटल द्या आणि आकडा लिहून घ्या. बांधलेली बोट पळणाऱ्या बोटीपेक्षा जास्त ओढते, त्यामुळे हा आकडा सुरक्षित बाजूचा असतो.

अण्णांची बोट सूत काढल्यावर १४ ॲम्पियर घेत होती. त्यांचा कंट्रोलर '३२० ॲम्पियर'चा होता. म्हणजे कागदावर वीसपट! पण त्याच्या वायरी बघा. त्या जाडीच्या वायरीतून ३२० ॲम्पियर गेले तर त्या क्षणात वितळतील. तो आकडा डोळ्याचं पातं लवण्याइतक्या वेळेचा असतो, कदाचित तेवढाही नाही. मी आधी वायरीची जाडी बघतो, मग सलग किती ॲम्पियर लिहिलंय ते शोधतो. सलग आकडा लिहिलेलाच नसेल तर घेत नाही.

मोजलेल्या ॲम्पियरच्या दुप्पट सलग क्षमता घ्या. १४ला ३०. त्यापेक्षा कमी घेतलं तर उन्हाळ्यात पस्तावाल, शंभराचा घेतला तर पैसे वाया. बॅटरीचे सेल कंट्रोलरवर लिहिलेल्या मर्यादेत हवेत. दोन सेलच्या कंट्रोलरला तीन सेल लावले तर 'बघू चालतंय का' एवढाच वेळ मिळतो. ब्रशच्या मोटरला ब्रशचा, ब्रशलेसला ब्रशलेसचा, यात तडजोड नाही. विमानाचा कंट्रोलर स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका, त्याला सहसा रिव्हर्स नसतो. गाडीच्या कंट्रोलरला असतो, पण आधी ब्रेक लागतो आणि दुसऱ्यांदा मागे ओढल्यावर रिव्हर्स. काठाला बोट लावताना त्या एका ठोक्यात नाक आपटतं. टगबोटीला थेट रिव्हर्सच हवा.

आणि बॅटरीच्या लाल वायरीत गाडीचा ब्लेड फ्यूज घाला. १४ ॲम्पियरच्या बोटीला २०चा. कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिशियनकडे दहा-वीस रुपयांत मिळतो. पुढच्या वेळी सूत अडकलं की फ्यूज जाईल, कंट्रोलर नाही.

इथे थांबा

लायपो फुगली असेल तर काम बंद. टाचणी मारून हवा काढायची नाही, 'एकदा चार्ज करून बघू' नाही. घराबाहेर फरशीवर, जळणाऱ्या वस्तूंपासून लांब ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

कंट्रोलरमधून धूर किंवा जळका वास आला असेल, बॅटरी उलटी जोडली गेली असेल, किंवा आत पाणी जाऊन सर्किटच्या पट्टीवर हिरवा थर आला असेल, तर स्वतः उघडून खटपट करू नका. गरम हवेचं मशीन असलेला चांगला मोबाइल कारागीर जळालेले ट्रान्झिस्टर बदलू शकतो. माझं मत विचाराल तर ब्रशच्या स्वस्त कंट्रोलरवर तो खर्च करू नये, महागड्या ब्रशलेसवर एकदा विचारून पहावं. मोटर हाताने फिरवताना आतून खरखरत असेल तर ती वाइंडिंगवाल्याकडे द्या. पंपाच्या मोटरी भरणारे कारागीर आपल्याकडे पुष्कळ आहेत, बेअरिंग-बुश त्यांना पाच मिनिटांचं काम. चार्जरचं २३० व्होल्टचं अंग कधीच उघडू नका.

आणि बोट मध्ये अडकली तर आत उतरू नका. नान्नजकडे द्राक्षबागेच्या शेततळ्यात आम्ही चालवतो. पाणी स्वच्छ, शेवाळ कमी, पण कडेचा प्लास्टिकचा कागद ओला झाला की त्यावर माणसाला वर येता येत नाही, पोहता येत असलं तरी. माझ्या पिशवीत गळाच्या दोरीचं रीळ असतं, टोकाला टेनिसचा चेंडू बांधलेला. बोटीच्या पलीकडे फेकायचा, दोरी बोटीवर आडवी पडू द्यायची आणि काठाकाठाने चालत हळूहळू ओढायचं. दहाव्या फेकीला तरी लागतो. तोवर कंट्रोलरही थंड झालेला असतो.